मला या जीपखालून काढा

मी एक जुना एक्सल आहे. जीपच्या मागच्या दोन चाकांना जोडणारा, पोटाखाली आडवा असणारा लोखंडी दांडा. बैलगाडीला आख असतो, तसा जीपला मी. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू नेहमी तुम्हाला विनवतात, 'आम्हाला टाकून देऊ नका.' मी मात्र नेमकं उलटं ओरडत होतो. मला काढा, उकिरड्यावर फेका, पण या जीपखाली ठेवू नका! ते कुणालाच ऐकू येत नव्हतं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात तापल्या लोखंडातून झाला. बाहेरून मी जाडजूड दिसतो, पण आतून पोकळ आहे. त्या पोकळीत चाकं फिरवणारे दोन दांडे असतात आणि वरचं सगळं ओझं माझ्यावर असतं. लोहारा गावच्या धुळाप्पांची जीप हे माझं घर. लोहारा ते नळदुर्ग अशी आमची वडाप, म्हणजे भाड्यानं माणसं वाहणं, चालायची. बसायची सोय नऊ जणांची, पण बसायचे सोळा. टपावर ज्वारीची पोती, मागं लोंबकळणारे दोघं आणि बाजाराच्या दिवशी कुणाच्या तरी मांडीवर मेंढरू. अकरा वर्षं मी हे सगळं वाहिलं. धुळाप्पा संध्याकाळी खाली वाकून माझ्यावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "ह्यो माझा थोरला भाऊ हाय. मोडंल पण वाकायचा न्हाय." मला ते लई आवडायचं. त्या बोलण्याचा खरा अर्थ मला फार उशिरा कळला.

मग घरोघरी मोटारसायकली आल्या आणि वडाप बंद पडली. चार पावसाळे जीप ताडपत्रीखाली उभी होती. कोंबड्या माझ्या आडोशाला अंडी घालायच्या. माझ्यावर गंज चढला. कुणी विचारपूस केली नाही.

पुन्हा मला आठवलं ते धुळाप्पांच्या मुलीनं, शिवांजलीनं. ती याच जीपवर गाडी शिकलेली. नळदुर्गजवळच्या माळावर दसऱ्याच्या सकाळी जीपच्या शर्यती भरतात, त्यात उतरायचं तिनं ठरवलं. नळदुर्गला हायवेवर मल्लिकार्जुन मिस्त्रींचं गॅरेज आहे. त्यांनी जीपला दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं आणि रुंद टायर घातले. जीप शर्यतीची झाली. मी तेवढा वडापीचाच राहिलो.

मिस्त्री पहिल्या दिवसापासून सांगत होते, "धुळाप्पा, ह्या इंजिनाला ह्यो एक्सल पुरायचा न्हाय. जाड एक्सल टाकावा लागंल." सोलापूरहून तसा एक्सल आणलाही. त्याच्यावर स्प्रिंगच्या बैठका जोडून मिस्त्रींनी तो अष्टमीपर्यंत तयार केला. आता मला उतरवून त्याला चढवणं एवढंच काम राहिलं होतं. पण अष्टमीच्या दिवशी धुळाप्पांना आणखी एक सराव हवा होता.

त्या सरावात शिवांजलीनं नाल्यावरून उडी घेतली. जीप खाली आली आणि माझ्या पोटाखालच्या बाजूला बारीकसा 'टक' आवाज झाला. केसाएवढी फट पडली. ती मलाच कळली. आणखी दोन-तीन उड्या, की मी मधोमध फाटणार, चाक निखळणार आणि जीप उलटणार. आत शिवांजली असणार! मी परत येताना सगळा रस्ता कण्हत आलो. धुळाप्पा म्हणाले, "पाटे कुरकुरायलेत," आणि त्यांनी स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस लावलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. मिस्त्रींनी सकाळीच सगळे पाने, हातोड्या, जॅक धुऊन पाटावर मांडले, त्यांना फुलं वाहिली. आता दसरा उजाडून पूजा हलवेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मिस्त्रींच्या वडिलांपासून हा नियम कधी मोडला नव्हता. आणि शर्यत तर दसऱ्याच्या सकाळीच!

"आता कसं?" शिवांजलीनं विचारलं.

"कसं म्हंजे?" धुळाप्पा हसले. "अकरा वर्सं सोळा-सोळा माणसं वाहिली ह्यानं. तुझं एकटीचं वजन ह्याला जड व्हतंय व्हय? दसरा झाल्यावर बदलू."

"मिस्त्रीमामा, तुमी काय म्हणता?"

मिस्त्री पाटाकडं बघत राहिले. "एका शर्यतीला चालंल बहुतेक," ते हळूच म्हणाले.

चालणार नाही! मित्रांनो, मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. पण लोखंडाला तोंड कुठं असतं? धुळाप्पांनी पुन्हा खाली वाकून मला थाप मारली, फटीपासून चार बोटांवर. ज्या कौतुकावर मी आयुष्यभर जगलो, तेच आता या पोरीच्या जिवावर उठलं होतं. त्या क्षणी मला माझ्या जाडजूडपणाची शिसारी आली.

जीपचीही पूजा गॅरेजातच मांडली होती. शिवांजलीची आई गजराबाई ताट घेऊन आली. सगळ्यांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, स्टिअरिंगला हार घातला. गजराबाई मात्र पदर खोचून सरळ जीपखाली शिरली.

"अगं, तिकडं कुठं?" धुळाप्पा ओरडले.

"माझ्या माहेरी गाडीच्या आखाला आधी तेल-कुंकू लावत्यात, मग बैलाला," ती आतून म्हणाली. "जे वझं वाहतंय त्याला आधी मान."

तिनं तेलात कालवलेलं कुंकू माझ्या पोटाला चोळलं. तेल फटीत शिरलं तेव्हा मला गार वाटलं. जास्तीचं तेल तिच्या हातावर ओघळलं, म्हणून तिनं फडक्यानं मला स्वच्छ पुसलं आणि वरून मूठभर भंडारा लावला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत ती बाहेर आली.

पूजेनंतर गाडीची एक फेरी मारायची रीत आहे. शिवांजली स्टिअरिंगवर बसली, मागं शेजारपाजारची सात-आठ पोरं चढली. सगळं वजन माझ्यावर आलं. फट उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आत शिरलेलं कुंकवाचं लाल तेल बाहेर येऊ लागलं. मी मनात म्हटलं, आता तरी कुणीतरी बघा रे. एकदा खाली बघा!

निघण्याआधी मागच्या चाकाखाली लिंबू ठेवायला गजराबाई वाकली आणि तशीच थांबली.

"मिस्त्री," ती म्हणाली, "म्या आत्ताच पुसलं व्हतं. ही लाल रेघ कुठनं आली?"

मिस्त्री उताणे पडून आत आले. पिवळ्या भंडाऱ्यावर वीतभर लांब, दोऱ्यासारखी रेघ उमटली होती. त्यांनी ती बोटानं पुसली. ती पुन्हा उमटली.

"पोरांनो, उतरा खाली! शिवांजली, तू बी उतर. एक्सल चिरलाय."

धुळाप्पा पाटावरच्या हत्यारांकडं बघत होते, मिस्त्री जमिनीकडं.

"शर्यत सोडून देते मी," शिवांजली म्हणाली. "मामांचा नेम मोडायला नको."

गजराबाई पाटापाशी गेली. मोठ्या पान्यावरचं झेंडूचं फूल तिनं उचलून कपाळाला लावलं आणि पाना मिस्त्रींपुढं धरला. "पाप लागलं तर मला लागू द्या. देवाची हत्यारं हायेत, देवाचंच काम करायलाव. घ्या."

मिस्त्रींनी दोन्ही हातांनी पाना घेतला.

दुपारपासून दिवेलागणीपर्यंत खपून मिस्त्री आणि धुळाप्पांनी मला सोडवलं. शेवटचा बोल्ट निघाला, दोघांच्या हातांतून मी निसटलो आणि फरशीवर आपटलो. तेवढ्याशा उंचीवरून पडून माझी फट बोटभर रुंद उघडली. आत अंधार दिसत होता. धुळाप्पा माझ्याशेजारी मटकन बसले. या वेळी त्यांनी थाप मारली नाही. नुसता हात ठेवला.

दसऱ्याला माझ्या जागी नवा एक्सल होता. जीप गेली तेव्हा मी गॅरेजमागं बाभळीखाली पडलो होतो. दुपारपर्यंत माझ्या मनात नाना शंका आल्या. नवा नीट बसला असेल ना? मिस्त्रींनी घाईत एखादा बोल्ट सैल तर सोडला नसेल? मग जीपचा आवाज आला आणि मागोमाग चिखलानं माखलेली शिवांजली, आपल्या दोन पायांनी चालत. ती पाचवी आली होती. माझ्यासमोर उकिडवी बसून म्हणाली, "नाल्यावरची उडी दोनदा घेतली रे." आणि तिनं आपट्याचं पान, दसऱ्याचं सोनं, मला दिलं.

मित्रांनो, सोमवारी भंगारवाला येणार आहे. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण जाण्याआधी एवढंच मागतो. जे कधी तक्रार करत नाही, त्याच्या पाठीवर थाप मारून पुढं जाऊ नका. ती वस्तू असो, जनावर असो की घरातलं माणूस. एकदा खाली वाकून बघा. आणि ते थकलेलं दिसलं, तर कौतुक करून त्याला पुन्हा जुंपू नका, त्याला उतरवा.

शिवांजलीनं दिलेलं पान माझ्या फटीत अडकलं आहे. वारा आला तरी ते उडत नाही.