कमरेवरून काढलेला भाव

समोरच्या घड्याळांच्या दुकानात दोघी जावांपैकी एकीनेही कधी पाऊल टाकलं नव्हतं. दारावरचा पहारेकरी ओळखीचा होता, त्याच्या पँटची उंची धाकटीनेच कमी करून दिली होती. पण आत जाऊन विचारायचं काय? काचेआडच्या घड्याळांवर किमतीची चिठ्ठीच नसे.

"चिठ्ठी नाही म्हणजे फुकट वाटत असतील," धाकटी म्हणायची.

तरी त्या दुकानाची नाडी आपल्याइतकी कुणाच्याच हाती नाही, अशी थोरलीची खात्री होती. तिथल्या विक्रेत्यांचे काळे कोट दुरुस्तीला यांच्या शिवणकामाच्या दुकानात यायचे, आणि कितीतरी दिवसांत एकही कोट घट्ट करायला आला नव्हता. आला तो सैल करायला.

"अगं, ज्या दुकानातल्या माणसांच्या कमरा वाढतात, ते दुकान काय वाळत असेल?" थोरली म्हणाली, आणि बिस्किटांच्या डब्यातली सगळी बचत तिने त्या दुकानाच्या कंपनीच्या शेअरमध्ये घालायला लावली. धाकटीच्याच मोबाईलवरून, धाकटीच्याच अंगठ्याने. ती बचत होती मोटारीच्या शिलाई मशीनसाठी. पायमशीन मारून मारून धाकटीचे गुडघे दारासारखे करकरायला लागले होते, आणि थोरलीची नजर अशी की सुईत दोरा ओवायला शेजार गोळा करावा लागे.

"बुडाले तर अंगठा माझा आणि गुडघेही माझेच," धाकटीने बजावलं होतं.

पण बुडतात कुठले! भाव जो चढायला लागला, तो शिडीवरच्या मांजरासारखा. धाकटी मोबाईल मांडीवर ठेवून शिवायची आणि मध्येच "चढला!" म्हणून ओरडायची. त्या नादात एका बाईंच्या झग्याला तिसरी बाही लागता लागता राहिली. थोरलीचा नेम होता, सकाळी जप करायचा आणि मग दुपारपर्यंत कुणाला कठोर शब्द बोलायचा नाही. नेम मोडला नाही. पण माळ बोटांत आणि नजर धाकटीच्या मांडीवर, असं होऊ लागलं खरं. देवाकडे भाव मागायचा नाही, एवढं मात्र तिने पाळलं. मागितला नाही, नुसता कानावर घातला.

कंपनी आपला नफा-तोटा जाहीर करणार होती, त्या दिवशी सकाळीच लाडोबा आला. समोरच्या दुकानातला हा सगळ्यात गोल विक्रेता. हे नावही दोघींनीच ठेवलेलं.

"मावशी, बटण लागत नाही हो."

"हात वर कर, बाळा." थोरलीने टेप फिरवला आणि तिचा चेहरा उजळला. "अगं बाई! पुन्हा वाढली! भरभराट आहे म्हणायची!"

"कसली भरभराट? दिवसभर नुसते बसून असतो. दुकानात माणूस फिरकत नाही. गिऱ्हाइकांसाठी चॉकलेटं ठेवतात, ती वाया जाऊ नयेत म्हणून आम्हीच खातो."

थोरलीच्या हातातून टेप गळून पडला. लाडोबा कोट ठेवून गेला. धाकटीने पायमशीन थांबवलं.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली, "म्हणजे आपण चॉकलेटांवर पैसे लावले?"

"हळू बोल, राणी."

"राणी कसली, भिकारीण! विकून टाकते. आत्ताच्या आत्ता!"

"कुणाला?"

"घेईल त्याला!"

"आणि त्याचेही गुडघे दुखत असले तर?"

धाकटीने कपाळाला हात लावला. "अहो, बाजारात घेणारा दिसत नसतो!"

"आपल्याला नसेल दिसत." थोरलीचा आवाज मऊ होता. "वाईट आहे हे ठाऊक असताना दुसऱ्याच्या गळ्यात कसं बांधू गं? बुडाले तर उद्यापासून मशीनवर मी बसेन."

"तुम्ही? तुम्ही कोटाला टेबलक्लॉथ शिवाल!"

मग धाकटीने पायमशीन असं दामटलं, की भिंतीवरचं कॅलेंडर डोलायला लागलं. गुडघ्यांची प्रत्येक करकर थोरलीच्या काळजात रुतत होती. तिने लाडोबाचा कोट मांडीवर घेतला आणि गुपचूप शिवण उसवत बसली.

दुपारी लाडोबा रस्ता ओलांडून धावतच आला. एका हातात फोन, दुसऱ्यात चॉकलेटचा डबा.

"मावशी! नफा! दणदणीत नफा! साहेब नाचतायत!"

धाकटीने मोबाईल उचलला आणि किंचाळलीच. भाव आभाळाला टेकला होता.

"मेल्या, माणूस फिरकत नाही म्हणालास ना?" थोरली म्हणाली. दुपार झाली होती, तेव्हा 'मेल्या' चालण्यासारखं होतं.

"फिरकत नाहीच! असली घड्याळं घेणारे दुकानात कशाला येतील? फोनवर नाव नोंदवतात, घड्याळ आलं की घरपोच. म्हणून तर आम्ही दिवसभर खुर्चीत, फोन कानाला!"

"मग सकाळी रडगाणं कसलं गात होतास?"

"कंटाळ्याचं, मावशी! आणि कमरेचं!"

धाकटीने दुखऱ्या गुडघ्यांनिशी गिरकी घेतली. "जाऊबाई, एक नाही, दोन मशीन! तीन! अहो, समोरचं दुकानच घेऊ!"

थोरलीही हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पण मांडीवर कोट उसवलेला होता, आणि बोटं सवयीने शिवणीच्या आत चाचपत होती. पुढे सैल करता यावं म्हणून शिंपी आत जास्तीचं कापड राखतो, त्याला माया म्हणतात. या कोटात ती संपली होती. कापडाची कड टाक्याला येऊन भिडली होती.

"वीक," ती म्हणाली.

"आता? अहो, चढतोय की!"

"सकाळी वाईट आपल्याला एकट्यांनाच ठाऊक होतं. आता चांगलं जगाला ठाऊक आहे, आता विकायला लाज नाही. आणि हे बघ, माया उरली नाही. इथून पुढे ताणला तर फाटेल."

"कोटाचा आणि भावाचा काय संबंध?"

"घेताना होता ना?"

धाकटीने मोबाईल पुढे ओढला. तिने डोळे मिटून अंगठा टेकवला.

नवं मशीन आलं तेव्हा धाकटीने पायाच्या अंगठ्याने बटण जेमतेम दाबलं. ते घुर्रर्र करत असं सुटलं, की हसता हसता तिची शिवण कापड सोडून हवेतच गेली. पहिलं काम होतं लाडोबाचा नवा कोट. थोरलीने खडूने रेघ ओढली.

"बाजूला चार बोटं माया ठेव."

"चार? एवढी कशाला?" धाकटीची कात्री थांबली. तिने समोरच्या दुकानाकडे पाहिलं, मग थोरलीकडे. "जाऊबाई... म्हणजे शेअर पुन्हा घ्यायचे?"

थोरलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली. दुपार व्हायला अजून अवकाश होता.

"आधी कोट तर अंगाला बसू दे, राणी," ती अगदी हळू म्हणाली, आणि रेघ आणखी बोटभर बाहेर सरकवली.