ओहोटीला सोडलेलं पाणी

पहारेचा पहिला घाव काचेवर बसला तेव्हा ताई कासवांच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी उभी राहून जंतू वाढवायची एक प्लेट उजेडात धरून पाहत होती. दुसऱ्या घावासरशी शेजारच्या खोलीतून डॉक्टरीणबाईंची किंकाळी आली. ताईनं प्लेट टेबलावरच्या दुसऱ्या दोन प्लेट्सशेजारी ठेवली, झाकण नीट बसवलं, कारण तंत्रज्ञाची वीस वर्षांची सवय घर पेटलं तरी सुटत नाही, आणि मग ती धावली.

टाक्यांच्या खोलीत तिचा सख्खा धाकटा भाऊ उभा होता. अंगात इस्पितळाचा मागून उघडा झगा, पाय अनवाणी. डावा हात कोपरापर्यंत बँडेजात, आणि ते बँडेज पिवळं होऊन गळत होतं. उजव्या हातात दारामागची लोखंडी पहार. तापानं त्याचे डोळे इंगळासारखे झाले होते.

"बाजूला हो, ताई."

"अरे, तू इस्पितळातून पळून आलास?"

"उद्या सकाळी कोपरापासून हात काढणार आहेत माझा. त्याआधी हिचा हिशेब करतो."

ही म्हणजे टाकीतली कासवीण. मणभर वजनाची, पाठीवर जुने ओरखडे, आणि चावरी इतकी की कासवांच्या त्या दवाखान्यात सगळ्यांनी तिचं नाव सासूबाई ठेवलं होतं. नऊ दिवसांपूर्वी ती धाकट्याच्या जाळ्यात अडकली. जाळं कापून तिला सोडवताना तिनं त्याची दोन बोटं मुळापासून तोडली. तरी त्यानं तिला पाण्यात फेकून दिलं नव्हतं. हाताला सदरा गुंडाळून, एका हातानं होडी हाकत तो तिला घेऊन इथं आला होता, कारण तिच्या गळ्याभोवती दोरी रुतली होती आणि आपली बहीण इथं काम करते. "घे तुझी पाहुणी," असं म्हणून तो हसलाही होता.

तिसऱ्या घावाला टाकीची काच फुटली.

पाणी भिंत कोसळावी तसं अंगावर आलं. डॉक्टरीणबाई आडव्या झाल्या. काचांबरोबर सासूबाई घसरत बाहेर आली आणि फरशीवर वल्ह्यांसारखे पाय आपटू लागली. धाकट्यानं पहार उचलली आणि तिच्या पाठीवर घातली. कवच फुटल्याचा आवाज नारळ फोडल्यासारखा आला. तिच्या पाठीतून रक्त आलं, पाण्यात पसरलं. त्यानं पुन्हा पहार उचलली.

डॉक्टरीणबाईंनी फरशी पुसायचा दांडा त्याच्या पायात घातला. त्यानं लाथ मारून तो दांडा आणि बाई दोन्ही भिंतीकडे उडवले. त्या साठीच्या, चष्मा लावणाऱ्या, कुणाला कधी उलट न बोलणाऱ्या. भिंतीला पाठ लावून त्या बसल्या त्या बसल्याच.

ताई मधे पडली. पहार तिच्या खांद्यावर उतरली. आतलं काहीतरी मोडलं हे तिला कळलं, पण दुखणं अजून पोचलं नव्हतं. भावाची नजर तिच्याकडे नव्हतीच, तो तिच्या डोक्यावरून कासविणीकडे बघत होता. लहानपणी असाच तो एकदा पिसाळल्यागत शेजारच्या मुलावर धावला होता, ताईला कुणीतरी दगड मारला म्हणून. तेव्हा तिला त्याचा अभिमान वाटला होता.

त्याला थांबवायचा एकच उपाय उरला होता. तिनं चांगल्या हातानं त्याचा बँडेजातला पंजा धरला आणि असेल नसेल तेवढ्या जोरानं पिळला.

त्याचा आवाज माणसाचा राहिला नाही. पहार खणकन पडली. तो गुडघ्यांवर आला, मग कुशीवर, आणि ती त्याच्या छातीवर बसली. तिच्या बोटांवरून त्याचा पू ओघळत होता आणि ती ढसाढसा रडत होती.

"सोड, ताई. सोड ना गं."

"हलणार नाहीस?"

"नाही."

तिनं सोडलं.

"ऐक नीट," ती म्हणाली. "हात वाचेल कदाचित. एक औषध सापडलंय."

"सगळी देऊन झाली. सलाईनमधून, सुयांमधून. चाळण झाली अंगाची."

"हे नाही दिलं. जुनं आहे, मूत्रपिंडाला जड जातं म्हणून कुणी वापरत नाही. तुझ्या जखमेतला पू मी इथं आणून तपासला. जंतूंचा थर वाढवायचा, त्यावर औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या. जे लागू पडतं त्याच्याभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ कडं उमटतं. बारा चकत्या होत्या. अकरा कोऱ्या, कडंच नाही. बारावीभोवती आज कडं आलंय."

"आज?" तापातही तो तिला पुरता ओळखून होता. "पू तर तू पहिल्या आठवड्यात नेलास."

ताईनं मान खाली घातली. पहिली प्लेट तिनं चार दिवसांपूर्वीच पाहिली होती. अकरा चकत्यांभोवती काही नाही, असं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. बारावीभोवतीही मेलं की जिवंत अशी अंधुक रेघ. जंतू एवढे निर्ढावलेले असतील हे तिच्या मनातही आलं नाही. तिला वाटलं, फ्रिजचं दार उघडं राहून चकत्याच वाया गेल्यात. कुणाही तंत्रज्ञाला हेच वाटलं असतं. तिनं प्लेट कचऱ्यात टाकली, चकत्यांची नवी डबी मागवली, पुन्हा सगळं केलं. इस्पितळाचा नमुना मोठ्या शहरात गेला होता, तो अहवाल अजून आलेलाच नव्हता. त्या चार दिवसांत इस्पितळवाले भावाच्या अंगात अकरांपैकीच औषधं ओतत राहिले.

"पहिली प्लेट मी फेकून दिली," ती म्हणाली. "चूक माझी."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मारेल असं तिला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

"खांदा बघ तुझा," तो म्हणाला. "वाकडा दिसतोय."

डॉक्टरीणबाई भिंतीच्या आधारानं उठल्या. सासूबाईच्या फुटलेल्या पाठीवर त्यांनी ओला टॉवेल टाकला, वाकून तिचा श्वास पाहिला. जिवंत होती. मग त्यांना फरशीवरचं पाणी दिसलं. सगळं घोंगावत कोपऱ्यातल्या जाळीकडे निघालं होतं.

"तुंबलं नाही ते एक बरं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "जाऊ दे. ओहोटीच आहे."

हा दवाखान्याचा पहिल्यापासूनचा रिवाज. आजारी कासवांच्या टाक्यांत औषधं ओतायची, खाण्यात कालवायची, हात आखडायचा नाही. आणि पाणी पाइपातून सोडायचं ते ओहोटीला, म्हणजे समुद्र सगळं पोटात घेतो. अकरा वर्षं तो नळ रोज ताईच उघडत आली होती.

"मासे तिथं खरंच तुटून पडायचे हं," धाकटा जमिनीवरून म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती. "तू सांगितलंस म्हणून तर तुमच्या पाइपाच्या तोंडाशी जाळं टाकायला लागलो. उरलंसुरलं खाणं येतं म्हणालीस. घरबसल्या मासळी. ही म्हातारीही त्यालाच भुलून आली असणार."

शेजारच्या खोलीत टेबलावर तीन प्लेट्स होत्या. एक भावाच्या जखमेची, एक सासूबाईच्या तोंडाची. तिसरी पाइपातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची, दर महिन्याला नियम म्हणून लावायची आणि न बघता फाइलीत नोंदवायची. या महिन्यात तिच्यावरही भावासाठी मागवलेल्या त्याच बारा चकत्या ठेवल्या होत्या. सकाळपासून ताईनं तिन्ही पाच वेळा उजेडात धरून पाहिल्या होत्या. तिन्हींवर अकरा कोऱ्या, बारावीभोवती बारीक कडं. तेच जंतू, टाक्यांतली औषधं पचवून निर्ढावलेले.

डॉक्टरीणबाईंनी इस्पितळाला फोन लावून तिच्या कानाशी धरला. सर्जनचा आवाज घाईचा होता. औषधाचं नाव त्यांनी दोनदा विचारून लिहून घेतलं. गाडी पाठवतो म्हणाले, रात्रीपर्यंत ताप उतरायला लागला तर उद्याचं थांबवू.

"आणखी एक. हे असले जंतू आमच्याकडे कधीच आलेले नाहीत. हात कुठल्या पाण्यात जखमी झाला? खाडीच्या की समुद्राच्या?"

जाळीशी पाणी गोल फिरत खाली उतरत होतं, सासूबाईचं रक्त घेऊन. ताईनं मोडका खांदा सावरत अंगातला पांढरा कोट काढला, त्याचा बोळा केला आणि जाळीवर दाबून धरला.

"आमच्या," ती म्हणाली.

"काय? ऐकू नाही आलं."

भावानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.