न पाहता झालेली सही

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो, पण तुमच्या शाळेत असतो तसला नव्हे. माझ्याखाली दोन काचपट्ट्या बसतात आणि पाहणाऱ्याला दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. गुन्ह्याच्या जागी सापडलेला केस संशयिताचाच आहे का, हे ताडून पाहण्यासाठी मला घडवले. न्याय करणे माझे काम नाही. जे आहे ते दाखवायचे, बस्स.

सरकारी प्रयोगशाळेत माझा काय रुबाब होता! खिडकीजवळचे टेबल, पुसायला मऊ कापड, धक्का लागला तर लावणाऱ्याची खैर नाही. तिथे एक चांगली रीत होती. पहिल्या तपासनिसाने अहवाल लिहायचा आणि दुसऱ्याने स्वतः माझ्यात डोकावून मगच खाली सही करायची. पण तपासनीस दोघेच आणि पुराव्याच्या पाकिटांचे ढीगच्या ढीग. त्यात दुसरा पडला भिडस्त. थोरल्या माणसाचे काम पुन्हा तपासणे त्याला जिवावर यायचे. तो न पाहताच सही करू लागला.

एकदा खून झालेल्या दुकानदाराच्या बाहीवरचा केस आला. पोलिसांनी एका रंगाऱ्याला धरले होते. बाहीवरच्या केसाला कलप लावलेला होता. नमुन्यासाठी घेतलेल्या रंगाऱ्याच्या दहा केसांत कलपाचा मागमूस नव्हता. पहिल्याने घाईघाईत जाडी तेवढी पाहिली आणि 'जुळतो' असे लिहिले. दुसऱ्याने सही ठोकली. अहो, मी दाखवत होतो! पण कोणी पाहिलेच नाही तर माझे काय चालणार? रंगाऱ्याला जन्मठेप झाली.

पुढे नवी यंत्रे आली आणि मी अडगळीत धूळ खात पडलो. भंगारात निघालो तेव्हा मला घरी नेले ते त्या दुसऱ्या तपासनिसानेच. निवृत्तीनंतर तो आरोपींच्या वकिलांना पुरावे पुन्हा तपासून देत असे. आता मात्र प्रत्येक पट्टी दोनदा पाहायचा.

रंगाऱ्याच्या शिक्षेनंतर सोळा वर्षांनी एक वकीलबाई न्यायालयाच्या परवानगीने त्याच काचपट्ट्या घेऊन आल्या. सोबत रंगाऱ्याची थोरली बहीण होती. भाऊ मागच्याच महिन्यात तुरुंगात आजारपणाने गेला होता. निदान त्याच्या नावावरचा डाग तरी पुसला जावा, म्हणून ती अजून वकिलांचे उंबरठे झिजवत होती.

म्हाताऱ्याने जुना अहवाल उलगडला आणि खालची सही ओळखली. ही माझीच सही, तेव्हा दुसऱ्या कुणाकडूनही तपासून घ्या, असे त्याने वकीलबाईंना सांगितले. मग माझ्यावर वाकला. जे दिसले ते त्याने काही न लपवता सांगितले.

बहिणीने विचारले, "हे बघायला किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं, ताई."

"जन्मात कधी कलप लावला नाही त्यानं. मला विचारलं असतंत, तरी सांगितलं असतं."

म्हातारा ओंजळीत तोंड लपवून रडला. तिने त्याची समजूत काढली नाही, आणि का काढावी?

पुढे दुसऱ्या तज्ज्ञानेही तेच सांगितले. न्यायालयाने रंगाऱ्याला निर्दोष ठरवले. निकालाचा कागद घ्यायला बहीण एकटीच गेली.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या. पण तुमच्या सहीने कुणाचा भाऊ घरापासून तुटणार असेल, तर आधी वाकून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तो घरी परत येऊ शकतो तोवरच पाहा.