मेल्या खेचराच्या ओढ्याकडचा वारा

थांबा. आधी सांगा, तुम्ही वाऱ्याच्या कुठल्या अंगाला उभे आहात? अत्तर-बित्तर लावलं असेल तर तिकडेच थांबा. हं, आता बसा. बोलतेय ती मी, एक बाटली. बोटभर उंच, हिरवी, प्लास्टिकची, वर बारीक चोच. कोणावरही पटकन भरवसा न ठेवणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे रागावू नका.

माझा जन्म सर्दीसाठी झाला. नाकात टाकायच्या औषधाची बाटली होते मी. मार्नी टॉलेफसनची सर्दी गेली आणि मी कचऱ्यात जायचे, पण तिने मला उचलून सोड्याच्या पाण्यात सात वेळा धुतलं, दोन दिवस उन्हात वाळवलं आणि माझ्या पोटात बिनवासाची पांढरी भुकटी भरली. मला दाबलं की चोचीतून धुरासारखी फुंकर निघते. ती ज्या दिशेला जाते तिकडे वारा. माझं काम एवढंच.

पण एवढंच म्हणू नका हो. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. त्याच्या डोळ्यांना चकवता येतं, कानांनाही येतं, नाकाला मात्र नाही. बंदूकवाले लांबून काम उरकतात. धनुष्यवाल्यांना तीस-चाळीस पावलांवर जावं लागतं आणि तिथे वारा मानेमागून वाहायला लागला की खेळ खलास. म्हणून धनुष्य कितीही भारी असो, आधी मला विचारायचं. आणि वारा कसला लबाड असतो म्हणून सांगू! सकाळी थंडीत उतारावरून खाली वाहतो, ऊन तापलं की वर चढतो आणि ढग आला की मनाला येईल तसा गरगरतो. अशाशी आयुष्यभर गाठ पडली की स्वभाव संशयी होणारच.

मार्नी अमेरिकेतल्या मोंटानाच्या पूर्वेकडची, गव्हाच्या सपाट शेतांमधली. शाळेची बस चालवते. दर सप्टेंबरला ती नवऱ्याबरोबर, कर्टबरोबर, त्याच्या घराण्याच्या डोंगरावर शिकारीला जायची. मग त्यांचा घटस्फोट झाला. घर मार्नीला मिळालं, बोट कर्टला. डोंगराचं नावही कोर्टात कोणी काढलं नाही, तरी तो कर्टकडेच गेला. या लोकांत तशी रीत आहे. ज्याने तुम्हाला जागा दाखवली, त्याच्याशिवाय तिथे पाऊल ठेवायचं नाही. बायका-मुलं सोडतील, पण ही रीत मोडणार नाहीत.

कर्ट कपडे न्यायला आला तेव्हा दारात उभा राहून हसला. "माझ्याशिवाय तू आणि एल्क? दुकानातून आण बाई, सोलून मिळतं."

मी तेव्हा तिच्या जाकिटाच्या खिशात होते. तिच्या मुठीने मला इतकं करकचून धरलं की माझी फुंकर खिशातच सुटली. तो गेल्यावर तिने गॅरेजमधला मोठा फ्रीझर उघडला. आत मटारची एक पिशवी आणि बर्फ. "या वर्षी हा मी भरणार," ती मोठ्याने म्हणाली. "एकटी भरणार." ऐकायला मी एकटीच होते.

झालं, तयारी सुरू. सप्टेंबरात नऊ दिवसांची रजा आणि कधी न पाहिलेला डोंगर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला तो महिनाभर उचललाच नाही, जेवण ओट्याशी उभ्याने. संध्याकाळी अंगणात फोमच्या ठोकळ्यावर रोज चाळीस बाण. डोंगर चढायचा सराव म्हणून पाठीवर गुरांच्या मिठाची पोती घेऊन ती शाळेच्या मैदानाच्या पायऱ्या चढायची. शेजारीण ओरडायची, "मार्नी, कुठे निघालीस गं मीठ घेऊन? गाई वर राहायला गेल्या का?" साबण बिनवासाचा, कपडे बाहेर झाडावर. मला प्रत्येक गोष्टीची शंका यायची. हा साबण खरंच बिनवासाचा? कशावरून? नकाशा काढणारा कधी तो डोंगर चढला होता का?

ऑगस्टात आम्ही सहा तास पश्चिमेला, वेल्डन नावाच्या गावी गेलो. गाव कसलं, एक पेट्रोल पंप, एक चर्च आणि लॉर्नाचं कॅफे. जंगलाच्या वाटांवर गाड्या उभ्या होत्या. नवखा माणूस म्हणेल, जिथे गाडी तिथे शिकार. अहो, हे लोक गाडी एका वाटेवर लावतात आणि मैलभर उलट चालत दुसऱ्याच दरीत शिरतात! कोणाला काही विचारलं की एकच उत्तर. "छे, यंदा काहीच नाही. सगळे पार्कात पळाले, शिकार बंद असते तिकडे." तोंडं मात्र नुकतंच तूप चाटलेल्यासारखी.

अशा गावात कॅफेच्या कोपऱ्यातला एक म्हातारा आपणहून बोलायला आला, तर तुम्ही काय समजाल?

त्याचं नाव ऑरिन पेल्की. चाळीस वर्षं खेचरांवरून लोकांचं सामान डोंगरात नेलं, तीन वर्षांपूर्वी एका खेचराने पाडलं आणि खुबा मोडला. आता चाकांची चौकट ढकलत चालतो. मार्नी हकलबेरीची पाई, म्हणजे रानफळं भरलेली गोड रोटी, खात नकाशा बघत होती. तो शेजारी येऊन धपकन बसला.

"एकटीच?" त्याने विचारलं.

"नाही," मार्नी म्हणाली. एकट्या बाईने असंच सांगायचं असतं.

"एकटीच आहेस. दोघं असते तर नकाशावरून भांडण झालं असतं." त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि न विचारता नकाशावर फुली मारली. "मेल्या खेचराचा ओढा. पडलेल्या झाडांमधून दोन तास जीव जाईल, मग कुरण लागेल. तिथे बघ."

मार्नी त्याच्याकडे बघतच राहिली. "का सांगताय?"

"म्हातारा झालो म्हणून. पाई संपव, बर्फ पडायच्या आत." आणि तो चौकट ढकलत गेला.

माझ्या मनात पाल चुकचुकली, मार्नीच्याही. गाडीत बसल्याबसल्या ती म्हणाली, "मला पडझडीत पाठवायचं आणि इकडे याच्या नातवंडांनी माझ्या कड्यावर बसायचं. वा रे वा!" मी तर पुढचंच धरलं. याला कर्टने फोन केला नसेल कशावरून? तिने खोडरबर घेऊन फुली पुसली. माझी छाती अभिमानाने फुगली, म्हणजे बाटलीची जितकी फुगते तितकी.

पुढचे तीन शनिवार-रविवार आम्ही तिने स्वतः शोधलेल्या कड्यांवर घालवले. पहिल्यावर गाई होत्या. दुसऱ्यावर चार तंबू आणि गिटार. तिसऱ्यावर वाळलेल्या लेंड्या, गेल्या वर्षीच्या. रजेचा पहिला दिवस उजाडला तो शुक्रवार. दुसऱ्या दिवशी शिकारीचा मोसम उघडणार होता आणि हातात काहीच नव्हतं. गाडीच्या स्टिअरिंगवर कपाळ टेकून ती म्हणाली, "कर्टचंच खरं असेल. दुकानातून आणायला लागणार."

मग ताठ बसली. "पण आधी त्या म्हाताऱ्याचं खोटं तरी उघडं पाडते."

आणि आम्ही मेल्या खेचराच्या ओढ्याकडे निघालो. पडलेली झाडं होती, अगदी त्याने सांगितलेली. मार्नीने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दोन तासांनी उजेड मोठा झाला, तिने मला दाबलं आणि माझी फुंकर सरळ तिच्या तोंडावर आली. वारा समोरून येत होता आणि त्याबरोबर असा उग्र, आंबट, मुताचा वास आला की मी नाकाची बाटली असल्याचं सार्थक झालं. कुरणाच्या कडेला चिखलाचा खड्डा. नर एल्क माजावर आला की त्यात मुततो, लोळतो. चिखल ओला होता. पलीकडे, साठ पावलांवर, अकरा माद्या चरत होत्या आणि त्यांच्यामागे तो उभा होता. त्याने मान वर केली आणि दोनदा किंचाळला. आख्खी दरी भरली.

मार्नी रडली. आवाज न करता, पण रडली. माद्या झाडीत गेल्यावर तिने गुडघे टेकून जाकीट आणि पँट त्या चिखलात माखली, उद्या माणसाचा वास लपावा म्हणून. मग आली तशी मागे फिरली. मला वाटलं, आता जिंकलो.

कॅफेत जाण्याआधी तिने गाडीतच कपडे बदलले आणि मला नव्या खिशात टाकलं. चिखलाचे कपडे पिशवीत गच्च बांधले, बुटांचे तळ खरवडले. कोणाला कळायला नको कुठे जाऊन आलो. शाब्बास, मी म्हटलं.

ऑरिन तिथेच होता, त्याच कोपऱ्यात. "काय गं पोरी, गेली होतीस? दिसलं का काही?"

आणि मार्नी म्हणाली, "छे. काहीच नाही."

विचार करून नव्हे हो. जीभच तशी वळलेली. वीस वर्षं पेट्रोल पंपावर, दुकानात, चर्चच्या दारात हेच उत्तर दिलेलं. क्षणभर मी खूशच झाले. मग मी त्याच्याकडे पाहिलं.

त्याने काटा खाली ठेवला. "चिखलाचा खड्डा?"

"कोरडा," ती म्हणाली. एक खोटं बोललं की दुसरं बोलावंच लागतं.

"मग गेले म्हणायचे." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "मला वाटलं होतं मी नसलो तरी ते येत असतील." आपली पाई अर्धी टाकून, चौकट ढकलत तो निघून गेला. दाराशी चाक अडकलं तेव्हा कोणाची मदतही घेतली नाही.

लॉर्ना ताटली उचलायला आली. "अगं, काय सांगितलंस त्याला? तीन उन्हाळे झाले, येणाऱ्या प्रत्येकाला न्याहाळतोय. पोटच्या पोरांना नाही सांगितला तो ओढा, ती नुसती गाड्या उडवतात म्हणून. कोणीतरी जाऊन बघून यावं, एवढंच हवं होतं त्याला."

लाज वाटली मला. वाऱ्याला ओळखायला शिकवता शिकवता मी या बाईला दुसरंच काही शिकवलं होतं.

मार्नी पैसे टेबलावर टाकून धावतच त्याच्या घरी गेली. तो पायरीवर बसला होता.

"ऑरिन, मी खोटं बोलले. आहेत ते. अकरा माद्या आणि एक नर, एवढा मोठा!"

त्याने मान हलवली. "लॉर्नाने सांगितलं ना तुला? गुणी आहेस. पण म्हाताऱ्याचं मन राखायला नको. मीही शिकारीच आहे, कोण कधी काय सांगतो मला ठाऊक आहे."

"शप्पथ घेते!"

"शप्पथ मी पण पुष्कळ घेतल्या. जा पोरी, दुसरा कडा बघ."

अरे देवा! खरं बोलणाऱ्याला खोटं ठरवताना कसं दिसतं, ते मी पहिल्यांदा बाहेरून पाहिलं. मार्नीचा चेहरा लाल झाला. ती गाडीकडे गेली, पिशवी आणली आणि त्याच्या मांडीवर गाठ सोडली.

वास पायरीवर पसरला. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. ऑरिनने पँट दोन्ही हातांनी उचलून नाकाशी धरली आणि तशीच धरून ठेवली. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकतोय.

"आज सकाळचा," तो पँटमधूनच म्हणाला. "आज सकाळचाच आहे गं."

"हो."

"किंचाळला का?"

"दोनदा. माझ्या छातीत घुमला."

मग त्याने बाहीने नाक पुसलं आणि तिच्याकडे तिरकं पाहिलं. "एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. पोचशील का, याची परीक्षा बघत होतो म्हण. नऊनंतर तिथला वारा फिरतो, त्या मोठ्या दगडाच्या पाठीमागून. डावीकडून चढ, नाहीतर सगळे उधळतील."

बघा! म्हणजे तोही लपवत होताच. मला बरं वाटलं, माझ्या जातीचं कोणीतरी भेटलं.

तर अशी मी, आज इथे गाडीच्या डॅशबोर्डवर, पाव पोट भुकटी उरलेली, चोचीला चिखल लागलेला. फ्रीझर भरेल की नाही, मला माहीत नाही. तुम्हाला एकच विनंती आहे. वाऱ्यावर भरवसा ठेवू नका, साबणावर नको, नकाशावर तर मुळीच नको. पण एखाद्या म्हाताऱ्याने विचारलं, दिसलं का काही, तर जीभ वळायच्या आधी त्याच्या तोंडाकडे एकदा बघा.

उद्या नऊ वाजता त्या दगडापाशी मार्नी मला दाबणार आहे. ऑरिन म्हणतो वारा फिरेल. कशावरून? मी स्वतः बघितल्याशिवाय मानणार नाही. पण आम्ही डावीकडूनच चढणार आहोत.