ममताचा कान

"काका, बस ना आता. मले तर एकदम बरोबर वाटून राहिली," पराग म्हणाला.

देवराव गाडीच्या मागे उकिडवा बसला होता आणि दोन्ही सायलेन्सरच्या तोंडांसमोर त्यानं एकेक तळहात धरला होता. धुराचे फटके डाव्या हातावर बसत होते, उजव्यावरही बसत होते. सारखेच वाटत होते. पण वाटणं वेगळं आणि कळणं वेगळं, एवढं त्याला चाळीस वर्षांच्या धंद्यानं शिकवलं होतं. त्यानं उठून एंजिन बंद केलं.

"आज नाई देत गाडी. शनिवारी दुपारी येजो."

"काका, रविवारी सकाळी सिविक सेंटरहून राइड है. सब पुरानी गाड़ियां. पापा गेल्यावर पहिल्यांदा काढून राहिलो मी ही."

"म्हणूनच म्हणतो, शनिवारी ये."

पराग कुरकुरत रिक्षा पकडून गेला. भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात ऊन रटरटत होतं. देवराव स्टुलावर बसून गाडीकडे बघत राहिला. राजदूत थ्री-फिफ्टी. दोन सिलिंडर आणि दोघांना दोन कार्बोरेटर. मूठ एकच, तिची तार मात्र खाली जाऊन दोन होते. मूठ फिरली की दोन्ही कार्बोरेटरांतले हवेचे पडदे एकाच क्षणी उचलले पाहिजेत, दोघांनी पेट्रोल आणि हवा सारखी घेतली पाहिजे. एक मागे राहिला तर गाडी कण्हत चालते. ते परवडतं. पण एका बाजूला हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं तर त्या बाजूचा पिस्टन तापतो, फुगतो आणि चालत्या गाडीत अडकून बसतो. मागचं चाक जागच्या जागी थांबतं. मग काय होतं, ते गेल्या दिवाळीपासून देवरावला ठाऊक होतं.

प्रफुल्ल नावाच्या गिऱ्हाइकाची गाडीही याच मॉडेलची होती. देवरावनं ती जुळवली, सवयीनं मान कलती करून ऐकल्यासारखं केलं आणि "ठीक आहे, घेऊन जा" म्हणाला. दुर्गच्या रस्त्यावर उजवा पिस्टन अडकला. प्रफुल्लच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. देवराव मोसंबी घेऊन दवाखान्यात गेला तर तोच उलट म्हणाला, "काका, तेलच भेसळीचं असेल. तुमच्या हातची गाडी अशी कशी अडकेल?" देवराव खाली मान घालून अर्धा तास बसला आणि परत आला.

खरं असं होतं की त्या दिवशी त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. तरुणपणी हथखोजच्या एका कारखान्यात सात वर्षं घणाच्या शेडमध्ये काढली, पुढची चाळीस एंजिनांच्या तोंडाशी. प्रफुल्लच्या अपघातानंतर कान तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बारीक आवाज गेलेत तुमचे. जाडे उरलेत." हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. घरात बायकोला, सुशीलालाही नाही. तेव्हापासून त्यानं दोन कार्बोरेटरच्या गाड्या घेणं बंद केलं होतं. पण परागचा बाप जुनं गिऱ्हाईक. त्याच्या माघारी पोरगा गाडी ढकलत दारात आला, तेव्हा नाही म्हणवलं नाही.

आपल्या कानाहून जास्त भरवसा टाकावा असा एकच कान देवरावनं आयुष्यात पाहिला होता. तो उतईला सासरी होता, आणि तिकडे त्यानंच पाठवला होता.

त्याची लेक ममता दहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. शाळेतून आल्यावर ती दप्तरासकट दुकानात उभी राहायची, कारण घर दुकानाच्या मागेच होतं आणि वाट दुकानातून जायची. एका संध्याकाळी देवराव अशीच एक गाडी जुळवून हात पुसत होता. पोरगी म्हणाली, "बाबा, डावं मागं राहून राहिलं." तो हसला. पुन्हा तपासलं तर डावं खरोखरच मागे होतं, सुताएवढं. दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम उजवं बिघडवून ठेवलं. तिनं दप्तर न उतरवता सांगितलं, "आज उजवं."

पुढची आठ वर्षं ती ऐकायची आणि तो पेच फिरवायचा. मग पेचही तीच फिरवायला लागली. राजनांदगावहून, रायपूरहून माणसं यायची आणि आधी विचारायची, "बच्ची है क्या?" ती नसली तर चहा पीत थांबायची. देवरावची छाती फुगायची.

बारावीनंतर तिनं आयटीआयचा फॉर्म आणला, मोटर मेकॅनिकचा. बापाची सही हवी होती. त्याच आठवड्यात दुकानासमोरच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, "देवराव ने लड़की अच्छी बिठाई है दुकान पे," आणि चार जण हसले. तेव्हा त्याचे कान शाबूत होते. ते हसू त्याला स्पष्ट ऐकू आलं. तो आत आला आणि गिऱ्हाइकांदेखत त्यानं ममताच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला.

"उद्यापासून दुकानात यायचं नाई."

"कावून?"

"लोक बोलून राहिले."

"काय बोलून राहिले?"

तो गिऱ्हाइकाच्या गाडीकडे वळला. तिनं फॉर्म तीन दिवस देव्हाऱ्याजवळ ठेवला. चौथ्या दिवशी तो तिथं नव्हता. दीड वर्षानं उतईचे पाहुणे आले. जुन्या वळणाची माणसं. देवरावनं होणाऱ्या जावयाच्या, नरेशच्या वडिलांना सांगितलं, "पोरगी दुकानाची पायरीसुद्धा चढली नाई कधी. घरकामात हुशार." ममता पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. लग्नाला आता सोळा वर्षं झाली होती. माहेरी आली की ती मागच्या गल्लीतून घरात शिरायची. लांब पडायचं, तरी.

शुक्रवारी त्यानं तिला फोन केला. तिचा पातळ आवाज फोनवर त्याला धड लागत नव्हता, म्हणून त्यानंच बोलून टाकलं, "तुझ्या आईचे गुडघे लई दुखून राहिले. उद्या येऊन जा," आणि ठेवून दिला.

शनिवारी अकराला ती ऑटोनं आली, मागच्या गल्लीतून. हातात मोहाच्या तेलाची बाटली होती. सुशीला खाली मांडी घालून कणीक मळत होती.

"आई तर ठणठणीत दिसून राहिली," ममता म्हणाली. "बाबा, कावून बोलावलं?"

देवराव तिला घर आणि दुकान यांच्यामधल्या दारापाशी घेऊन गेला. ती उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली.

"मले ऐकू येत नाई, ममता."

"येत तर आहे. बोलून तर राहिलो आपण."

"बोलणं येतं. एंजिन येत नाई."

मग त्यानं प्रफुल्लचं सगळं सांगितलं. मान कलती केली होती ते, आणि "ठीक आहे" म्हटलं होतं तेही.

"त्याले माहीत आहे हे?"

"नाई. तो तेलाले दोष देऊन राहिला."

"अजून काठीवरच चालतो?"

"हो."

"सांगाल त्याले?"

देवरावनं खाली बघितलं. उत्तर येईपर्यंत ममता हलली नाही.

"सांगतो," तो म्हणाला.

तिनं पदर कमरेला खोचला आणि उंबरा ओलांडला.

"मले काई येत नसन आता," ती गाडीजवळ येऊन म्हणाली. "घरी मिक्सरचा आवाज ऐकतो फक्त. करा चालू."

देवरावनं किक मारली. ममता तीन पावलं मागे सरून डोळे मिटून उभी राहिली. तिची मान आपोआप डावीकडे कलली, अगदी थोडी. देवरावनं नजर वळवली. बघवेना.

"बंद करा. डावं मागं आहे. पण ते नंतर. उजवीकडं शीळ वाजून राहिली, बारीक."

"कसली शीळ?"

"हवा घुसून राहिली कुठून तरी. रबर पाहा."

गाडी पुन्हा चालू करून तिनं कार्बोरेटर आणि एंजिन यांच्यामधल्या रबराच्या नळीवर, खालच्या अंगाला, तेलाचे दोन थेंब लावले. थेंब आत ओढले गेले आणि एंजिनची लय पालटली. ती लय देवरावला ऐकू आली नाही, पण थेंब नाहीसे झालेले दिसले. त्यानं रबर काढून उजेडात वाकवलं. नखाएवढी चीर होती, केसासारखी. रबर वाकवल्याशिवाय दिसलीही नसती. उजव्या सिलिंडरला तिच्यातून फुकटची हवा मिळत होती.

तो स्टुलावर बसला. उद्या सकाळी पराग बापाची गाडी घेऊन भरधाव निघाला असता. आपण त्या दिवशी थकून "घेऊन जा" म्हटलं असतं तर, हा विचार त्याला पुरा करवला नाही.

"पाणी देऊ?" ममतानं विचारलं.

"नको. रबर त्या खालच्या कप्प्यात आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. इतक्या वर्षांत कप्पा बदलला नव्हता.

नवं रबर तिनंच चढवलं. मग दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडांत एकेक तर्जनी घालून ती वाकली. "मूठ फिरवा. हळू." पडदे उचलले की बोटांना कळतं कोण आधी हललं. तिनं डावीकडची तार पाव फेरा आवळली. पुन्हा फिरवायला लावलं. मग एका बाजूच्या प्लगचं टोपण काढून दुसरं सिलिंडर एकट्यानं चालवलं, ऐकलं, अदलाबदल केली. हवेचे पेच फिरवले, मग एंजिनच्या चालीचे. देवराव ती सांगेल ते करत होता. पाऊण तास त्यांच्यात "हळू", "थोडं" आणि "बस" याखेरीज शब्द नव्हता. दारात येऊन सुशीलानं एकदा बघितलं आणि पुढे जाऊन बाजाराकडचं शटर अर्धं खाली ओढलं.

शेवटी ममतानं डोळे उघडले आणि हसली. मोठ्यानं, दात दिसतील असं. देवरावला आवाज कळायची गरज उरली नाही. लगेच तिनं हसू आवरलं आणि शटरकडे पाहिलं.

"ममता, तो फॉर्म," देवराव म्हणाला, "मी तो..."

"बंबात टाकला होता. एक कोपरा जळायचा राहिला होता. माहीत आहे मले." ती पाना पुसत होती. "त्याचा नाई इतका राग आला, बाबा. गरीब माणसाले भेव वाटते लोकांचं. पण तुम्ही पाहुण्यांले सांगितलं ना, पोरगी पायरी चढली नाई म्हणून, तवा मले वाटलं, मंग ती आठ वर्षं कोण होती इथं?"

देवरावला रडू आलं. ममता उठून त्याच्याजवळ आली नाही. पाना पुसून तिनं जागच्या जागी टांगला, मग पुढचा घेतला. पाने स्वच्छ झाले, तिच्या नखांतलं काळं तेवढं निघालं नाही.

दोन वाजता पराग आला. मूठ पिळली आणि त्याचा चेहराच बदलला. "काका! ये तो अलग ही गाड़ी हो गई. पापा के टाइम ऐसी चलती थी." तो बाजाराला एक चक्कर मारून परतला तोवर नरेशही कामाची पाळी सुटल्यावर थेट इकडे आला होता आणि स्कूटर दारात लावून उभा होता. ममता बाजूला, पदर डोक्यावर.

"काका, हात में जादू है आपके," पराग म्हणाला.

देवरावनं श्वास घेतला. सगळे समोर होते. जावई होता, गिऱ्हाईक होतं, शटरही आता पुरतं उघडं होतं. असा क्षण पुन्हा मिळणार नव्हता.

"हात माझा नाई, बेटा. हे सगळं..."

"बाबांचं असंच आहे," ममता मध्येच बोलली. "कौतुक केलं की लाजतात."

नरेश हसला. पराग हसला. ममता पिशवी उचलायच्या निमित्तानं वाकली आणि बापाच्या कानाशी आली. बाकी जगाचं काही त्याला ऐकू येवो न येवो, हे अक्षर न् अक्षर आलं.

"प्रफुल्लभाऊले सांगा. हे राहू द्या. मले त्या घरात राहायचं आहे, बाबा."

"आईचे गुडघे कसे आहेत?" नरेशनं विचारलं.

"बरे आहेत," देवराव म्हणाला.

पराग गेला. नरेशनं स्कूटर वळवली आणि ममता मागे एका अंगाला पाय सोडून बसली. मे महिन्याचं ऊन डोळ्यांवर चढत होतं. देवराव दुकानाच्या पायरीवर उभा राहून बघत होता. तिनं दोन्ही हात मनगटापर्यंत पदरात गुंडाळून मांडीवर घेतले होते. टपरीपुढच्या गतिरोधकावर स्कूटर उसळली, ममता एका बाजूला कलली, पडते की काय असं वाटलं. तरी धरायला म्हणून तिनं हात बाहेर काढला नाही.