उन्हावर कुटलेली चटणी

चैत्र सरत आला की कोल्हापूरजवळच्या उचगावच्या गल्ल्यांना लाल रंग चढतो. स्लॅबवर, अंगणात, उभ्या असलेल्या ट्रॉलीत, मोकळी जागा मिळेल तिथे मिरची पसरलेली असते. दुपारी त्या मिरचीची झाक समोरच्या पांढऱ्या भिंतींवर पडते आणि भर उन्हात दिवस मावळल्यासारखे वाटते. ऊन सावकाश मिरचीत उतरत जाते. सकाळी वातड असलेली मिरची दुपारी मुठीत धरली की वाजते. वाजली की बायका ती पाटीत भरून गरम असतानाच डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर, घेऊन जातात. निवली की ती पुन्हा मऊ पडते, मग मुसळाखाली नीट कुटली जात नाही.

वर्षाची चटणी म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. मिरचीबरोबर कांदा, लसूण, खोबरे, तीळ, धने भाजून कुटलेली ही चटणी घराला बारा महिने पुरवायची असते. ती बिघडली तर वर्षभर प्रत्येक घासाला आठवण होते. म्हणून कुणाच्या डंकावर जायचे हे घराघरात ठरलेले असते, आणि सासूचा डंक सुनेकडे येतो.

केरबाचा डंक असाच पिढ्यांचा होता. चार लोखंडी मुसळे, खाली दगडी उखळ, वर फिरणारा दांडा. दांडा फिरवायला विजेची मोटार होती, आणि वीज गेली की डिझेलचे इंजिन. वडिलांनी ते इंजिन कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आणलेले. केरबा दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घाली, पायात चप्पल असताना त्याच्याजवळ जात नसे. उन्हाळ्यात दुपारी वीज हटकून जाई. मग केरबा मोटारीचा पट्टा उतरवी, इंजिनाचा चढवी, हँडल मारी आणि धाडधाड आवाज करीत मुसळे पुन्हा नाचू लागत. बसलेल्या बायका म्हणत, केरबाच्या डंकावर खोळंबा होत नाही. एवढे ऐकले की त्याची मान ताठ होई.

डंकामागे छोटे अंगण होते. तिथे पपईच्या सावलीत बायका भाजलेला मसाला कागदावर पसरून निववत असत. त्याच अंगणाच्या भिंतीतून इंजिनाच्या धुराचा पाइप बाहेर आला होता. इतकी वर्षे दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी होत्या आणि कुणाला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

एके दिवशी कागलची वर्षाराणी तिची वर्षाची चटणी कुटून घेऊन गेली. आठवडा उलटायच्या आत ती डबा घेऊन परत आली. डंकावर सात-आठ बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर तिने झाकण काढले.

"मामा, वास घ्या."

केरबाने डबा नाकाशी नेला. त्याला मिरचीचा ठसका जाणवला, लसूण जाणवला. तो म्हणाला, झकास झालीय की.

"डिझेल मारतंय मामा. आमटीला मारतंय, रश्श्याला मारतंय. सासूबाई म्हणत्यात, सून टँकरवाल्याच्या घरातनं आणली का काय!"

बायका हसल्या. केरबाला ते हसणे लागले. त्याने सांगितले की डब्यालाच वास असणार, तेलाचा जुना डबा असेल. वर्षाराणीने डबा नवा असल्याचे सांगितले. केरबाने मिरचीला नाव ठेवले, मग खोबऱ्याला. शेवटी ती झाकण लावून निघून गेली. तिच्यामागून आणखी दोघींनी आपापल्या पाट्या उचलल्या आणि उन्हातून पलीकडच्या गल्लीकडे चालू लागल्या. केरबा उंबऱ्यात उभा राहून त्यांच्या डोक्यावरच्या लाल पाट्या लहान होत जाताना पाहत राहिला.

तानूबाई तेवढी उठली नाही. गावात कितीतरी वर्षे बालवाडी चालवून ती आता निवृत्त झाली होती. गल्लीतली निम्मी माणसे तिच्या पुढ्यात बसून रंग आणि आकडे शिकली होती. त्यामुळे ती कुणालाही अरे-तुरे करी आणि सगळे तिला बाई म्हणत. तिने पदराने तोंड पुसले आणि केरबाच्या बायकोला हाक मारली. बयाबाईला तिने दोन भाकरी आणायला सांगितल्या, आणि चटणीही. घरातली, याच डंकावरची.

केरबाने एक घास खाल्ला आणि मान हलवली. काहीच नाही. मग बाईने तसाच घास बयाबाईच्या हातावर ठेवला आणि खरे ते सांग म्हणाली. बयाबाईने घास खाल्ला.

"येतोय वास," ती म्हणाली. "आजचा न्हाय. लई दिवसांचा येतोय. तुमच्या सदऱ्याला येतोय, उशीला येतोय, भाताला येतोय."

"मग बोलली न्हाईस का?"

"बोलून तुमी काय इंजिन बंद करणार हुता?"

बायकोच्या बोलण्यात राग असता तर त्याला उत्तर देता आले असते. पण ती साधेपणाने सांगत होती, जसे कुणी आज बुधवार आहे म्हणून सांगावे.

त्या दुपारी डंक लवकर बंद झाला. केरबा स्लॅबवर गेला. ज्यांची घरे पत्र्याची होती त्या बायकांचे वाळवण बयाबाईच्या स्लॅबवर असे. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल मिरची, मधून चालण्यापुरती वाट. तो पाण्याच्या टाकीच्या सावलीत आडवा झाला. खालून निवत चाललेल्या इंजिनाचा टिकटिक आवाज येत होता. मग तोही थांबला.

डोळा लागला की नाही हे त्याला पुढे कधी नीट सांगता आले नाही. त्याला वाटले, मिरची हळूहळू हलते आहे. वारा नव्हता, तरी लाल लाटा उठत होत्या, आणि प्रत्येक मिरचीत ऊन थेंबाथेंबाने मुरत होते. कुठेही आवाज नव्हता. त्या शांततेत त्याची आई चालत आली, तरुण, हिरव्या लुगड्यातली. तिच्या हातात घरातले लाकडी मुसळ होते, डंक यायच्या आधीचे. ती एका लयीत कुटत होती आणि मुसळाचा आवाजही ऐकू येत नव्हता. मग वास आला. भाजलेल्या खोबऱ्याचा, ताज्या लसणाचा, उन्हाने तापलेल्या मिरचीचा. असा वास त्याला कितीतरी वर्षांत आला नव्हता. तो विचारू पाहत होता, आई, हा वास गेला कुठे? पण ती हसली आणि वर बघत राहिली.

तो उठला तेव्हा समोर तानूबाई बसून मिरची खालीवर करत होती. तिची स्वतःची मिरचीही तिथेच वाळत होती.

केरबाने तिला स्वप्न सांगितले नाही. त्याने आपल्या मुलाचा विषय काढला. विश्वजित दोन वर्षे मागे लागला होता, स्लॅबवर सोलरच्या प्लेटा बसवू म्हणून. केरबा त्याला म्हणे की इंजिन हाताने चालू करता येते, ऊन काय कुणाच्या हातात आहे? आणि बयाबाईचे म्हणणे वेगळे होते: प्लेटा बसल्या तर गल्लीतल्या बायकांनी वाळवण कुठे घालायचे?

तानूबाईने बालवाडीत विचारावे तसे विचारले, "केरबा, ही मिरची कोण वाळवतंय?"

"ऊन."

"त्याला हँडल मारायला कोण जातंय?"

केरबाला हसू आले.

मग बाई सावकाश बोलू लागली. मिरची कडक वाळते ती भर दुपारी, आणि कुटायची असते तीही भर दुपारीच. उन्हाचा जोर असतो त्याच वेळी डंकाला ताकद लागते. हंगामही नेमका उन्हाळ्याचा. असा जुळून आलेला धंदा गावात दुसरा नाही, आणि त्याच धंद्यात आपण लांबच्या मुलखातून, समुद्रापलीकडून आलेले तेल जाळतो. तेल तरी काय आहे? फार फार जुन्या काळचे जीव उन्हावर वाढले, मेले, गाडले गेले, आणि जमिनीच्या पोटात दाबून दाबून त्यांचे तेल झाले. ते व्हायला लागलेल्या काळाचा आकडा तिने कधी मुलांना सांगितला नाही, कारण एवढे मोजायला त्यांची बोटे पुरणार नाहीत. आणि आपण ते एका दुपारी जाळून टाकतो. गेले ते परत येत नाही. तारेतून येणारी वीजही पुष्कळशी दगडी कोळसा जाळूनच येते. धूर आपल्या अंगणात नसतो, दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात असतो एवढेच.

"आणि तो धूर जातोय कुठं?" बाईने वर बोट केले. "आभाळात साठतोय. त्यानं ऊब वाढतीया, पावसाचा मेळ बिघडत चाललाय. औंदा अवकाळीत किती जणींची मिरची भिजली, बघितलास न्हवं?"

"माझ्या एवढ्याशा इंजिनानं आभाळ बिघडतंय व्हय बाई?"

"एकट्याच्यानं न्हाय रं. पण हेच वाक्य सगळी म्हणत्यात. मोटारवाला म्हणतोय, भट्टीवाला म्हणतोय, कारखान्याचा मालक म्हणतोय. सुरुवात मग कुणी करायची? ज्याच्या नाकाखाली धूर हाय त्यानंच न्हवं?"

केरबाने मिरचीची मूठ भरली. ती हातात वाजली. आपण जन्मभर या उन्हाच्या जिवावर जगलो, आणि त्याच्यावर विश्वास मात्र कधी ठेवला नाही! हे त्याला त्या क्षणी इतके स्वच्छ दिसले की त्याने मूठ उघडायला वेळ लावला.

दुसऱ्या दिवशी त्याने ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची घेतली, खोबरे घेतले, आणि एस.टी.ने कागलला गेला. वर्षाराणीच्या सासूसमोर त्याने पोते ठेवले आणि म्हणाला, "चूक माझी हाय. वास डब्याला न्हवता. पण चटणी आत्ता कुटून देत न्हाय. जरा दम धरा, धुराबिगर कुटून देतो." सासूने त्याच्याकडे नीट बघितले, आणि पावण्याला चहा ठेवायला सुनेला सांगितले.

स्लॅबचा प्रश्न बयाबाईनेच सोडवला, पण भांडून. ती विश्वजितला म्हणाली, प्लेटा बसव, पण माझ्या बायकांना हाकलायचे नाही. मग उंच लोखंडी खांबांवर मांडव घातल्यासारख्या प्लेटा बसल्या, पश्चिमेच्या अर्ध्या भागावर. मिरचीला उरला अर्धा स्लॅब. त्यावरून गल्लीत कुरकुर झाली, दोघींचे तर बोलणेच बंद झाले. पण प्लेटांखाली सावली पडली, आणि शेवया सावलीतच वाळवायच्या असतात. भाजलेला मसाला निववायलाही बायका तिथेच येऊ लागल्या. बसवणाऱ्यांनी जोडणी अशी केली होती की तारेची वीज गेली तरी मोटार उन्हावर फिरावी. ढगाची सावली निभावण्यापुरती लहानशी बॅटरीही दिली होती. इंजिन केरबाने कोपऱ्यात पुसून ठेवले.

उन्हावर डंक चालू झाला त्या पहिल्या दिवशी वर्षाराणी सासूला घेऊन आली. पलीकडच्या गल्लीत गेलेल्या दोघीही दारापर्यंत येऊन उभ्या राहिल्या, आत येऊ की नको अशा. मिरची उखळात पडली. मुसळे नाचू लागली. थोड्या वेळाने नेहमीप्रमाणे वीज गेली, समोरच्या घरातला पंखा थांबला, आणि सगळ्यांचे डोळे आपोआप इंजिनाकडे वळले. मुसळे थांबली नाहीत. इंजिनाची धाडधाड नव्हती, त्यामुळे पहिल्यांदाच मिरची फुटताना ऐकू येत होती, कोरड्या पानांवरून कुणी हलके चालत जावे तशी.

मग एक मोठा ढग आला. बॅटरीने थोडा वेळ साथ दिली आणि मुसळे हळूहळू मंद झाली. केरबाचे पाय सवयीने इंजिनाकडे वळले. दोन पावले जाऊन तो थांबला.

"थांबा जरा," तो बायकांना म्हणाला. "ढग जातंय."

बायका थांबल्या. कुणी पान लावले, कुणी लसूण निवडायला घेतला. खरोखर, घाई कुणालाच नव्हती. दारातल्या दोघी आत येऊन पोत्यावर बसल्या. उंबऱ्यावरची सावली सरकली, ऊन पायरीवर आले, आत आले, आणि मुसळे एकेक करून जागी होऊ लागली.

चटणी गरम होती तेव्हाच वर्षाराणीने चिमूटभर तळव्यावर घेतली. तिने वास घेतला, सासूपुढे हात केला. सासूने वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले. केरबा तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा होता. तिने डबा स्वतःच्या हाताने शिगोशीग भरला आणि झाकण घट्ट लावले.

मित्रहो, आपल्या प्रत्येकाच्या घरात असे एखादे इंजिन आहे. ते आपल्या कामाला आले आहे, म्हणून आपल्याला त्याच्याविषयी माया वाटते, आणि त्याच्या धुराची सवय झाल्यामुळे तो धूर आपल्याला जाणवत नाही. आपल्याला येत नसलेला वास शेजारच्याला येतो, आपल्या लेकरांना येतो. त्यांना एकदा विचारून बघावे. कोळसा आणि तेल जमिनीतून काढत राहिलो तर एक दिवस ते संपेल, आणि संपेपर्यंत आभाळ बिघडवून जाईल. ऊन आणि वारा वापरल्याने कमी होत नाहीत. त्यांच्याबरोबर काम करायचे तर मात्र आपल्याला थोडे बदलावे लागेल. कधी अर्धा स्लॅब द्यावा लागेल, कधी एखादा ढग जाईपर्यंत बसून राहावे लागेल. एवढे थांबायला आपण शिकलो, तर आपल्या लेकरांच्या ताटात धुराचा वास नसलेली भाकरी पडेल.