डावी नळी वाकडी म्हणे!

मी दुनळी रायफल बोलतेय. माझ्या दोन नळ्या शेजारी-शेजारी, म्हणजे एक बार झाला की दुसरा तयारच. जन्म बेल्जियमचा, रूप बेताचं. हे १९८४ साल. परवापरवापर्यंत मी अमेरिकेत डॅलसजवळच्या एका बंदुकीच्या दुकानात पडून होते. शेजारच्या विलायती रायफलबायांच्या अंगावर हरणं आणि वेलबुट्टी कोरलेली. त्यांच्या किमती ऐकून गिऱ्हाईक माझ्याकडे वळायचं. मग दुकानदार सांगायचा, "स्वस्त आहे, पण हिची डावी नळी वाकडं मारते." झालं! गिऱ्हाईक पसार.

एका शनिवारी डॉक्टर चंद्रशेखर आणि त्यांची बायको विनीता आले. डॉक्टर मूळचे भंडाऱ्याचे. तिकडे धानात घुसलेल्या रानडुकरावर त्यांच्या दादानं एकनळीचा बार टाकला, तो चुकला, आणि दुसरी गोळी भरेपर्यंत डुकरानं त्याची मांडी फाडली. दादा अजून लंगडतो. आता डॉक्टरांना मित्राच्या रँचवर डुकरांच्या शिकारीला जायचं होतं, पण दुनळी घेऊनच.

ते विलायतीकडे बघतच राहिले. विनीता म्हणाली, "अहो, रायफल घेताय की पैठणी? नक्षी काय डुकराला दाखवणार? ही साधी बघा. पण आधी ट्राय करा. मडकंसुद्धा आपण वाजवून घेतो."

दुकानामागच्या मैदानात लावलेल्या निशाणावर उजवीनं मधोमध मारलं. डावीची गोळी चार बोटं लांब! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि भीतीही वाटली. या भल्या माणसानं मला तशीच नेली आणि डुक्कर अंगावर आलं तर?

डॉक्टरांनी माझ्या नळ्यांवरचे गोळीच्या वजनाचे आकडे वाचले, हातातली गोळी पाहिली आणि हसले. "विनीता, पेशंट ठणठणीत आहे गं. डोस चुकतोय!"

कारखान्यानं मला जड गोळीवर जुळवलं होतं. इथे सगळे हलकी घालायचे, सहज मिळते म्हणून. डॉक्टरांनी जड गोळ्या मागवल्या, आणि दोन्ही भोकं एकमेकांना चिकटून पडली. अगं बाई, इतकी वर्षं माझ्या डावीनं फुकट शिव्या खाल्ल्या!

आज सकाळी रँचवर झुडपातून एक डुक्कर थेट अंगावर आलं. उजवीचा बार चुकला. डॉक्टरांचं बोट दुसऱ्या चापावर गेलं. डावी कडाडली. डुक्कर त्यांच्या बुटांपुढेच कोसळलं.

आत्ता मी त्यांच्या टेबलावर तेल पिऊन पडले आहे. तुमच्याकडे एवढंच मागणं, की कुणाला वाकडं म्हणण्याआधी आपण त्याला काय खायला घालतोय ते बघा. आता गप्प बसते, भंडाऱ्याचा फोन लागलाय.

"दादा, आज पहिली चुकली," डॉक्टर सांगतात.

"मग रे?"

"मग दुसरी होती ना, दादा."